ऑगस्टमधला बर्फ

वर सहा, खाली पाच. खिडकीच्या फळीच्या कडेवर, डाव्या कोपऱ्यापासून वीतभर अंतरावर अकरा खळगे... इतके उथळ, की उन्हाची तिरीप आडवी पडल्याशिवाय कुणाला दिसायचे नाहीत. पण सकाळी साडेनऊला ती पडतेच, मेलीला दुसरी खिडकी सापडत नाही. आणि आज नेमका त्या खळग्यांपासून हातभर अंतरावर तो माणूस गुडघे टेकून बसला होता; हातातलं पिस्तुलासारखं यंत्र भिंतीला टेकवायचा, श्वास रोखल्यासारखा थांबायचा — जणू भिंत पळून जाणार होती. जणू सत्त्याण्णव वर्षं उभी असलेली ही भिंत आज, गुरुवारी, त्याच्या धाकानं काहीतरी कबूल करणार होती.

"शून्य पॉइंट दोन," तो स्वतःशीच म्हणाला आणि त्यानं कागदावर टिपून घेतलं.

लॅव्हर्न खुर्चीत बसून होती. बसायला नको होतं तिनं. घर विकणाऱ्यानं तपासणीच्या वेळी घरात थांबायचं नसतं अशी रीत आहे. "बाहेर जा, मिस लॅव्हर्न, कुठंतरी छान नाश्ता करून या," असं शार्मेननं, त्या एजंट बाईनं, फोनवर तीनदा बजावलं होतं. नाश्ता करून या! पण गुरुवारी कचऱ्याचा ट्रक येतो, आणि ट्रकवाल्यानं हात केल्याशिवाय ओडेल खिडकी सोडत नाही. पन्नास वर्षांचा, सहा फुटी, टक्कल पडलेला तिचा धाकटा भाऊ — ट्रक येईपर्यंत त्याचा गुरुवार सुरूच होत नाही. म्हणून तो खिडकीशी, आणि तो आहे म्हणून ती. खरं सांगायचं तर ट्रक नसता तरी ती थांबलीच असती. परका माणूस येऊन आपल्या घराची नाडी बघणार, आणि आपण कुठंतरी अंडी खात बसायचं?

नाडी! आज नाडी बघताहेत. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. जुनं घर घेणाऱ्याला कायद्यानं दहा दिवस मिळतात, रंगात शिसं आहे का ते तपासून घ्यायला. आणि घेणाऱ्यांची पोर दहा महिन्यांची आहे, म्हणून हे यंत्र, हा माणूस, त्याच्या बुटांवर चढवलेल्या निळ्या पिशव्या, ओल्या फडक्यांची पाकिटं, काचेच्या नळ्या. पोर गोरी आहे हे कशाला म्हणायचं, ते काही कायद्यात लिहिलेलं नाही... पण माझ्या भावाला काय मिळालं होतं? एक पत्रक मिळालं होतं. दोन घड्यांचं. त्यावर हसऱ्या बाळाचं चित्र होतं.

तिनं मुठी आवळल्या होत्या हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा नखं तळहातात रुतली होती.

"तुम्हाला त्रास होत नाही ना, मॅम?" तो माणूस मान न वळवता म्हणाला. कोवालिक त्याचं नाव. साठीला टेकलेला, उठताना दोन्ही गुडघे कडाडणारा. "आटपतोच आता. खिडक्या तेवढ्या राहिल्या."

"मला कसला त्रास? तुमचं चालू द्या."

खिडक्या तेवढ्या राहिल्या. त्याला तरी काय ठाऊक. राग त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता, पण समोर तोच होता. शार्मेन समोर असती तर तिच्यावर काढला असता. शार्मेनच्या लांब जांभळ्या नखावर. तीन आठवड्यांपूर्वी, याच टेबलावर ते नख एका चौकोनावर टेकलं होतं — 'शिशाच्या रंगाविषयी विक्रेत्याला काहीही माहिती नाही.' वरचा चौकोन 'माहिती आहे'चा, खालचा 'माहिती नाही'चा.

"तुमच्याकडे एखादा कागद आहे का, मिस लॅव्हर्न? तपासणीचा वगैरे? नाही ना? मग तुम्हाला माहीत नाही."

"पण शार्मेन, जुनी घरं सगळी..."

"जुनी घरं सगळी. तुमचं घर नव्हे. माहीत असणं म्हणजे कागद असणं. कागद नाही, तर माहिती नाही. अहो, म्हणून तर या गल्लीत कुणी तपासत नाही! झाकली मूठ राहू द्या. करा इथं सही, नुसती आद्याक्षरं."

आणि केली. ल. ब. — शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं दुधाच्या क्रेटवर करत आले तशी, न बघता. कारण ओडेलला माझ्या जवळ न्यायचंय, तळमजल्यावरच्या दोन खोल्या बघून ठेवल्यात, तिथं जिना नाही. आई गेल्या नोव्हेंबरात गेली आणि हा एकटा या घरात जिन्यावरून दोनदा पडला. तेव्हा हे घर जायला हवं. एवढंच. यात कुणाचं काय वाईट केलं मी? पण चोराच्या मनात चांदणं — त्या दिवसापासून शार्मेनचा फोन आला की लॅव्हर्न आधी खिडकीकडे बघायची, मग उचलायची.

"सिस," ओडेल म्हणाला, "हा बंदूकवाला मला मारणार?"

"नाही रे राजा. भिंतीला मारतोय तो."

"भिंतीनं काय केलं?"

कोवालिक हसला. लॅव्हर्न हसली नाही. भिंतीनं काय केलं — विचार बाबा, तूच विचार. ओडेलनं बशीतल्या मक्याच्या कण्यांवर आणखी एक चमचा साखर ओतली. अलाबामातून आलेल्या, कण्या मिठानंच खाणाऱ्या घरात कण्यांत साखर म्हणजे बाटल्यासारखंच. आईनं दुसऱ्या कुणाला केव्हाच टेबलावरून उठवलं असतं, पण ओडेलपुढं साखरेचा डबा ती स्वतः सरकवायची आणि तोंड फिरवायची. ओडेलला सगळं गोड लागतं. लहानपणापासून. रंगही गोडच असतो म्हणे, शिशाचा, लिंबाच्या गोळीसारखा. दात येणाऱ्या पोराला कुणी सांगायचं?

कोवालिक खिडकीशी आला. फळीवरून त्यानं तळहात फिरवला, हलक्या हातानं, आवडल्यासारखा. "रंग छान राखलाय हो. एक पोपडा नाही."

"आईनं राखलाय. दर ईस्टरच्या आधी एक हात. छत्तीस-सदतीस हात तरी बसले असतील."

हे सांगताना तिचा आवाज उगाच ताठ झाला. छत्तीस हात! पांढऱ्यावर पांढरा, पांढऱ्यावर पांढरा... ब्रश घेऊन आई उभी राहायची आणि जीभ दातात धरून त्या अकरा खळग्यांत रंग भरायची, आणि पुढच्या वर्षी ते पुन्हा दिसायचेच. आई पुढच्या ईस्टरची वाट बघायची.

"हात कितीही असोत, मॅम. हे आरपार बघतं," कोवालिक म्हणाला आणि यंत्र टेकवलं.

या वेळी तो जरा जास्त थांबला.

"अकरा पॉइंट तीन." मग, तिच्याकडे बघून, "एकच्या वर गेलं की शिसं. तळातला हात आहे, घर बांधलं तेव्हाचा." आणि मग उन्हानं आपलं काम केलं. त्याची बोटं थांबली. अंगठ्यानं त्यानं तो खळगा चाचपला, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. त्याला कळलं. अशा किती फळ्या बघितल्या असतील त्यानं. त्याच्या मानेवरून तिला कळलं, की त्याला कळलं.

"माझे आहेत," ओडेल म्हणाला. बशी खाली ठेवून तो वाकला, तोंड उघडून फळीवर टेकवलं, आणि त्याचे मोठे, पिवळे दात त्या खळग्यांवर बसेनात म्हणून स्वतःच हसला. "लहान होतो. आता मोठा आहे."

"मोठे आहात खरे," कोवालिक म्हणाला. आणि लॅव्हर्नकडे बघायचं टाळलं. त्यानं टाळलं याचाच तिला भयंकर संताप आला. बघ ना! बघ माझ्याकडे आणि म्हण, की बाई, तुम्ही तर माहिती नाही म्हणून लिहून दिलंत. दया कसली करतोस? दया १९७२ साली करायची होती. तेव्हा कुठं होतं तुझं आरपार बघणारं यंत्र?

चर्चच्या तळघरात फिरता दवाखाना आला होता, एक नर्स होती, पोरांच्या बोटांना सुई टोचत होती. ओडेल तीन वर्षांचा, माझ्या मांडीवर, मी नऊची. पंधरा दिवसांनी नर्स घरी आली. दारातच उभी राहिली, पायरी सोडली नाही तिनं, आणि म्हणाली, मुलाच्या रक्तात शिसं आहे, घरातला सुटणारा रंग काढून टाका, घर स्वच्छ ठेवा. आणि पत्रक दिलं. घर स्वच्छ ठेवा! माझ्या आईला! माझी आई लोकांची घरं धुऊन आल्यावर रात्री स्वतःचं जोतं धुवायची, "गरीब आहोत, घाणेरडे नाही" हे वाक्य आम्ही प्रार्थनेच्या आधी शिकलो. मालकाला, त्या व्हिटकॉमला, आईनं चारदा निरोप दिला. तो म्हणाला, रंग खाणारं पोर माझं नाही. मग आईनं दोन दिवस सुट्टी घेतली, पत्र्याची खरवडणी आणि काचकागद आणला, आणि या घरातली एकूण एक खिडकी, एकूण एक दार खरवडून काढलं. पोपडा राहू दिला नाही. त्यानंतर आठवड्याभरात ओडेलला झटके आले. घरात त्याला 'ताप' म्हणतात. तापाच्या आधी ओडेल गाणी म्हणायचा, तापानंतर... आई म्हणायची, उशीर झाला. खरवडायला उशीर झाला, पोरानं आधीच खाल्लं होतं.

आणि सात वर्षांनी व्हिटकॉमनं घर विकायला काढलं, तेव्हा आईनंच ते घेतलं. ज्या घरानं तिचं पोर खाल्लं तेच घर. हा राग मी कुठं ठेवू? व्हिटकॉम मेला, नर्स मेली असेल, आई मेली. शिव्या घालायला कुणी शिल्लक नाही आणि शिव्या तेवढ्या शिल्लक आहेत.

दार वाजलं. मॅरेन — घर घेणारी — पोर कडेवर घेऊन आत आली, बूट काढून, हसतमुख. "हाय, मिस लॅव्हर्न! तुम्ही असाल असं वाटलं नव्हतं. हाय, ओडेल! काय हो, काही वाईट बातमी?"

"खिडक्यांना आहे. बाकी ठीक," कोवालिक म्हणाला. "खिडक्या बदलायच्या. शेवटचं पान राहिलंय, ते झालं की सगळं समजावतो."

"माझे आजोबा इथंच वाढले, माहितीये? दोन गल्ल्या पलीकडे!" ती लॅव्हर्नला म्हणाली. हे ती तिसऱ्यांदा सांगत होती.

माहितीये. तेही माहितीये. आम्ही काळी माणसं आलो त्या उन्हाळ्यात तुझे आजोबा घर विकून गेले, त्यांच्याबरोबर अख्खी गोरी गल्ली गेली, आणि आता आमची माणसं मरायला लागली तेव्हा तू आलीस, कडेवर पोर घेऊन, आजोबांच्या आठवणी काढत... पोरीचे गाल लाळेनं भिजले होते. खालच्या हिरडीवर दोन दाण्याएवढे दात. मॅरेननं तिला खाली सोडलं, आणि पोर सरसर रांगत खिडकीशी गेली, फळी धरून उभी राहिली, डुलली, आणि डोकं पुढं —

"उचल तिला! उचल! तोंड लावू देऊ नकोस तिथं!"

खुर्ची मागं पडली. पोर लॅव्हर्नच्या हातात होती. कशी आली कळलं नाही. पोर किंचाळायला लागली, आणि ओडेलनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मॅरेन पांढरी पडली होती. तिनं पोर घेतली, आणि लॅव्हर्नकडे पाहिलं. पाहतच राहिली.

"काही नाही झालं, काही नाही," कोवालिक घाईनं म्हणाला. भला माणूस, सगळ्यांना सावरायला बघत होता. "वरचा रंग शाबूत आहे, मॅम. नुसतं तोंड लावल्यानं काही होत नाही. आणि खरं सांगू? लोकांना वाटतं पोरं रंग खातात. खातात एखादं. पण पोरांचा घात होतो तो धुळीनं. जुना रंग कोरडा घासला ना, की पिठासारखी धूळ होते, ती हवेत उडते, नाकातोंडात जाते, बोटांना लागते. एका पोपड्यापेक्षा एक दिवसाची धूळ वाईट. म्हणून सांगतो तुम्हाला, हौसेनं खरवडायला जाऊ नका. आणि कोरडा झाडू तर मारूच नका. तो धूळ काढत नाही, उडवतो."

कानात तापलेलं शिसं ओतावं तसे ते शब्द आत गेले. आत जाऊन थिजले.

उशीर झाला नव्हता, तर.

खरवडायला उशीर झाला नव्हता... खरवडलं म्हणून...

हे आज कळलं असं मी म्हणू का? शाळेत भिंतींवर तक्ते लागायचे, टीव्हीवर सांगायचे, शेजारच्या बाईनं एकदा तिच्या नातवाचं सांगायला सुरुवात केली तेव्हा मी ताटल्या आवाज करत धुतल्या. तक्त्यासमोरून जाताना मी घड्याळ बघायचे. माझ्याकडे कागद नव्हता. कागद नाही, तर माहिती नाही. शार्मेननं तो चौकोन मला दाखवला तेव्हा मी सत्तेचाळीस वर्षं त्यातच राहत होते.

ऑगस्ट होता. बाहेर पोळत होतं, आणि शेजाऱ्यांना आपली घाण दिसू नये म्हणून आईनं खिडक्या बंद ठेवल्या होत्या. आई शिडीवर, डोक्याला फडकं, खर्र-खर्र, खर्र-खर्र. खाली सगळं पांढरं. "लॅव्हर्न, झाडून घे." मी झाडत होते. आईनं शिकवलं होतं तसं, कोपऱ्यापासून, जोर लावून. ओडेल कंटाळला होता, रडत होता, गरमीनं लाल झाला होता, आणि मी त्याला हसवायला म्हणून खाली वाकले, दोन्ही ओंजळी भरल्या, आणि वर उडवल्या. "बघ ओडेल, बर्फ! ऑगस्टमध्ये बर्फ!" त्यानं तोंड उघडलं. जीभ बाहेर काढली, बर्फ पडताना सगळीच पोरं काढतात तशी. अंगाभोवती गिरक्या घेत होता. "आणखी!" मी आणखी उडवला. आई शिडीवरून बघून हसली. सबंध दुपार. त्या दुपारी तो इतका हसला, इतका...

मग मी कुणावर चिडत होते, एवढी वर्षं?

"एवढं एकच पान," कोवालिकचा आवाज आला. त्याला तिच्या चेहऱ्यावरचं काही दिसलं नव्हतं, किंवा त्यानं पुन्हा टाळलं होतं. "घरात पूर्वी काही काम झालंय का, ते लिहावं लागतं, मॅम. म्हणजे जमिनीच्या फटींत जुनी धूळ असेल का ते कळतं, पोर रांगती आहे ना. तर... इथं रंग कधी कोरडा खरवडला होता का? हो, नाही, माहीत नाही."

सकाळपासून त्यानं कागदावरून विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना तिनं 'माहीत नाही' हे एकच उत्तर दिलं होतं, त्यामुळे त्याचं पेन आपसूक तिसऱ्या चौकोनाकडे निघालं होतं. मॅरेन पोरीला खांद्यावर थोपटत उभी होती. तिची नजर अजून लॅव्हर्नवरून हलली नव्हती.

लॅव्हर्ननं राग शोधला. नेहमीच्या जागी शोधला — व्हिटकॉमच्या दारात, नर्सच्या पायरीवर, शार्मेनच्या नखाखाली, या गोऱ्या पोरीच्या आजोबांच्या रिकाम्या घरात. तो होता तिथं, खराच होता, त्यातला एक कणही खोटा नव्हता. पण आज तो तिला आत घेईना. आत शिरायला गेली की दारात ती उभी: नऊ वर्षांची, काटकुळी, केसात पांढरी धूळ, हातात झाडू, हसतेय, भावाला हसवल्याच्या आनंदात. तिच्यावर ओरडायला लॅव्हर्ननं तोंड उघडलं.

"हो," ओडेल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. त्यानं कानांवरचे हात काढले होते, आणि तो वर, छताकडे बघत होता.

"बर्फ पडला होता. घरात. सिसनं पाडला." त्याचा चेहरा उजळला होता. मग तो तिच्याकडे वळला, पन्नास वर्षांचा, ओठांना साखर लागलेला. "सिस, पुन्हा पाड ना."

कोवालिकचं पेन कागदापासून केसभर वर थांबलं.

"मला माहीत होतं," लॅव्हर्न म्हणाली. की नुसतं मनात आलं, ते तिलाही नीट कळलं नाही. बाहेर कचऱ्याचा ट्रक येऊन थांबला, हॉर्न वाजला, आणि या वेळी ओडेल खिडकीकडे वळला नाही. तो तिच्या हातांकडे बघत होता, आणि तीही. ओंजळ कधी झाली होती, तिला कळलं नव्हतं.